कॉलेजमधला पास रशर एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये, चालेल का, हे ओळखायचं कसं?

व्हर्नन गोल्स्टन आणि डॅनिएल हंटर ही दोन नावं शेजारी ठेवून बघा. गोल्स्टनने २००७ च्या सीझनमध्ये ओहायो स्टेटकडून १४ सॅक (म्हणजे काय ते लगेच सांगतो) काढले, मग कंबाईनला, म्हणजे ड्राफ्टआधीच्या शारीरिक चाचण्यांना, १०२ किलोचा बार सलग ३७ वेळा उचलला, शरीर तर असं की बघत राहावं, आणि २००८ च्या ड्राफ्टमध्ये (टीम आळीपाळीने कॉलेजचे खेळाडू निवडतात तो) न्यूयॉर्क जेट्सनी त्याला सहाव्या नंबरवर घेतलं. तीन सीझन तो तिथे होता आणि त्याच्या नावावर एनएफएलमधले सॅक किती, तर शून्य. हंटरचं बरोबर उलटं. एलएसयूमध्ये (लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी) तीन वर्षांत मिळून फक्त ४.५ सॅक, त्यातले शेवटच्या वर्षी दीड, २०१५ ला मिनेसोटा व्हायकिंग्सनी तिसऱ्या राउंडमध्ये ८८ व्या नंबरवर घेतला, आणि २०१९ मध्ये तोच पोरगा ५० सॅक गाठणारा तोपर्यंतचा सगळ्यात तरुण खेळाडू ठरला.

ज्यांनी अमेरिकन फुटबॉल फारसं बघितलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: पास रशरचं काम म्हणजे समोरच्या १४० किलोच्या टॅकलला, म्हणजे वाट अडवणाऱ्याला, चुकवून किंवा ढकलून क्वार्टरबॅकपर्यंत, म्हणजे बॉल फेकणाऱ्यापर्यंत, पोचायचं, त्याने बॉल फेकायच्या आत. बॉल साधारण अडीच-पावणेतीन सेकंदात सुटतो, म्हणजे वेळ तेवढाच. आणि बॉल फेकायच्या आधी त्याला पाडला की सॅक. (दोघांनी मिळून पाडला तर अर्धा-अर्धा, म्हणून ते ४.५ वगैरे आकडे.)

आता सॅक हा आकडा सगळ्यांच्या तोंडी असतो पण भविष्य सांगायला तो फार कच्चा आहे, आणि का ते नीट समजून घेण्यासारखं आहे. सॅक मुळात दुर्मिळ घटना. समजा एखादा कॉलेजचा रशर सीझनमध्ये ४०० वेळा क्वार्टरबॅकवर धावला आणि त्याची खरी कुवत दर शंभरात अडीच सॅकची आहे, तर अपेक्षा १० ची. पण निव्वळ योगायोगाने यात तीनेक इकडे-तिकडे सहज होतात, म्हणजे तोच पोरगा तेवढ्याच मेहनतीने एका वर्षी ७ काढेल आणि दुसऱ्या वर्षी १३, आणि पेपरात पहिल्या वर्षी 'फ्लॉप' आणि दुसऱ्या वर्षी 'स्टार' छापून येईल. त्याउलट प्रेशर, म्हणजे क्वार्टरबॅकला घाईत फेकायला लावणं, पळायला लावणं, धक्का देणं हे सगळं धरून. ते शंभरात १५ धरलं तर ४०० मध्ये ६०, आणि योगायोगाचा हेलकावा सातेकचा. सॅकच्या आकड्यात तीस टक्के गोंगाट, प्रेशरमध्ये बारा टक्के, सरळ गणित आहे. बोलरला विकेट किती मिळाल्या यापेक्षा त्याने किती वेळा बॅट बीट केली हे बघणं जसं, तसंच हे. आणि सॅक कधीकधी त्याच्या कर्तृत्वाचाही नसतो, मागे कव्हरेज, म्हणजे पास झेलणाऱ्यांवरचा पहारा, इतकं घट्ट असतं की क्वार्टरबॅक बॉल धरून बसतो आणि पाच सेकंदांनी कुणीतरी त्याच्यापर्यंत पोचतंच.

पण प्रेशरचा आकडाही जसाच्या तसा घ्यायचा नाही, हे मला अगदी जीव तोडून सांगावंसं वाटतं. कॉलेजमध्ये स्क्रीन पास (रशरला पुढे येऊ देऊन जवळच टाकलेला छोटा पास), प्ले-ॲक्शन (आधी बॉल घेऊन धावण्याचं नाटक, मग पास), दोन सेकंदाच्या आत सुटणारे झटपट पास यांचा भरणा असतो, अशा प्लेमध्ये रशर कितीही चांगला असला तरी त्याचं काही कळत नाही. म्हणून विश्लेषक 'ट्रू पास सेट' वेगळे काढतात, जिथे टॅकल खरोखर मागे सरकून सेट झालाय आणि क्वार्टरबॅक खरोखर फेकायला थांबलाय. तिथे तो किती वेळा जिंकतो? आणि कुणासमोर जिंकतो? छोट्या कॉन्फरन्सच्या (कॉलेज टीमच्या गटाच्या) दुबळ्या टॅकलसमोर तीन सॅक एका दुपारी काढणं आणि ॲलाबामासारख्या बलाढ्य टीमच्या टॅकलला तीन तास सतत त्रास देणं यात मला तरी दुसरं जास्त मोलाचं वाटतं, भले त्या दिवशी सॅक शून्य असो.

एनएफएलमध्ये तर हे मोजायला खेळाडूंच्या शोल्डर पॅडमध्ये चिप असते, सेकंदाला १० वेळा जागा नोंदवते, आणि ईएसपीएन त्या डेटावरून पास रश विन रेट काढतं: अडीच सेकंदाच्या आत ब्लॉकरला मागे टाकलं की विजय, सॅक झाला की नाही ते गौण.

आता शरीराकडे या, कारण इथे फिजिक्स आहे आणि मला हा भाग सगळ्यात आवडतो. कंबाईनला सगळे ४० यार्ड डॅशच्या मागे लागतात, पण पास रशर सरळ रेषेत ४० यार्ड कधी धावतो हो? त्याला पहिले काही यार्ड फटकन जायचं असतं आणि मग टॅकलच्या बाहेरून वळसा घालून आत शिरायचं असतं. वळण किती अवघड आहे बघा. समजा तो सेकंदाला ५ मीटर वेगाने ३ मीटर त्रिज्येचं वळण घेतोय, तर आतल्या बाजूला लागणारं त्वरण वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या, म्हणजे ८.३, गुरुत्वाकर्षणाच्या ९.८ च्या जवळपास. तोल सांभाळायला त्याला साधारण ४० अंश आत झुकावं लागतं, ११५ किलोच्या माणसाला जमिनीवर आडवा जोर शंभरेक किलो वजनाइतका द्यावा लागतो, आणि हे सगळं चालू असताना टॅकल त्याला बाहेर ढकलत असतो! याला स्काउट 'बेंड' म्हणतात. घोटा आणि खुबा लवचिक नसेल तर माणूस झुकू शकत नाही, मग एकतर वेग कमी करतो नाहीतर वळण मोठं घेतो आणि क्वार्टरबॅकच्या मागून निघून जातो. गोल्स्टनबद्दल हीच तक्रार होती, ताकद भरपूर पण अंग ताठ.

म्हणून मी तरी थ्री-कोन ड्रिल (तीन शंकूंभोवती वळणं घेत धावायची चाचणी) आणि पहिल्या १० यार्डांची वेळ आधी बघतो. टी. जे. वॉट विस्कॉन्सिनमध्ये आधी टाइट एंड, म्हणजे ब्लॉक करणारा आणि पास झेलणारा आक्रमणातला खेळाडू, होता, डिफेन्सला आल्यावर स्टार्टर म्हणून एकच वर्ष खेळला, पण थ्री-कोन ६.७९ सेकंद, २०१७ मध्ये ३० व्या नंबरवर गेला आणि २०२१ ला २२.५ सॅक काढून मायकेल स्ट्रेहनच्या २००१ च्या विक्रमाशी बरोबरी केली. मॅक्स क्रॉस्बी ईस्टर्न मिशिगनसारख्या छोट्या प्रोग्राममधून आला, थ्री-कोन ६.८९, चौथ्या राउंडमध्ये १०६ वा, आणि पहिल्याच वर्षी १० सॅक.

याच्या विरुद्ध टेरेल सग्ज आहेच. ॲरिझोना स्टेटकडून २००२ मध्ये २४ सॅक, पण ४० यार्ड अपेक्षेपेक्षा बरेच हळू धावला, दहाव्या नंबरपर्यंत घसरला, आणि बाल्टिमोर रेव्हन्सना असा माणूस मिळाला ज्याने करिअरमध्ये १३९ सॅक काढले. लोक अशी उदाहरणं देऊन म्हणतात की टेस्टला काही अर्थ नाही. इथे स्टॅटिस्टिक्समधली एक मोठी फसगत आहे. कंबाईनला बोलावतात तेच मुळात निवडलेले, आणि त्यातला जो हळू असूनही वर घेतला जातो तो बाकी कशात तरी अफाट असतो म्हणूनच घेतला जातो. मग घेतलेल्यांमध्ये वेग आणि यश यांचा संबंध पुसट दिसणारच. त्याचा अर्थ वेग बिनकामाचा असा होत नाही, तुम्ही आधीच चाळणी लावलीय असा होतो. माझ्या मते टेस्ट ही दारावरची अट आहे, आत आलेल्यांची क्रमवारी त्यावरून लावू नये. १९९५ ला फिलाडेल्फिया ईगल्सनी कंबाईन गाजवलेल्या माइक मामुलासाठी दुसऱ्या टीमशी अदलाबदल करून, वर चढून सातवा नंबर घेतला आणि तो काही वाईट नव्हता, ३१.५ सॅक काढले त्याने, पण बाराव्या नंबरवर वॉरन सॅप गेला जो पुढे हॉल ऑफ फेममध्ये पोचला.

वय मात्र लोक विसरतात. हंटर ड्राफ्टच्या वेळी फक्त २० वर्षांचा होता! २३-२४ वर्षांचा पोरगा १९ च्या टॅकलला लोळवतोय यात अर्धा वाटा नुसता वयाचा असतो, तर २० व्या वर्षी कच्च्या तंत्राने, पण हात लांब आणि ४० यार्ड ४.५७ सेकंदात, अशा पोराच्या पुढे शिकायला जागा असते. हाताचे डाव, म्हणजे चॉप, रिप, क्रॉस-चॉप, आणि पहिला डाव फसला की लगेच दुसरा, हे शिकवता येतं. घोट्याची लवचिकता थोडीफार वाढते, हाताची लांबी अजिबात नाही.

आणि हे सगळं बघूनही खात्री किती? केड मॅसी आणि रिचर्ड थेलर (थेलरना २०१७ ला अर्थशास्त्राचं नोबेल) यांनी ड्राफ्टचा अभ्यास केला, तर आधी निवडलेला खेळाडू त्याच पोझिशनच्या लगेच पुढच्या खेळाडूपेक्षा चांगला निघण्याची शक्यता जेमतेम ५२ टक्के निघाली. त्यांचा सल्ला असा की वर चढायला किंमत मोजू नका, खाली उतरून जास्त पिक (निवडीचे हक्क) घ्या. पास रशरच्या बाबतीत मला तो पटतो. हंटर ८८ वा, फ्लोरिडा अटलांटिकचा ट्रे हेंड्रिक्सन १०३ वा, क्रॉस्बी १०६ वा. त्याच पट्ट्यात गेलेले कितीतरी जण दोन वर्षांत लीगबाहेर होतात हेही तितकंच खरं, म्हणून तिथे एक नाही, दोन-तीन घ्यावेत, तरुण, वाकता येणारे, ट्रू पास सेटमध्ये जिंकणारे, मग त्यांचे सॅक चार असोत की चौदा.