धुतलेला पक्षी पुढे जगतो का?

१८ जानेवारी १९७१. मध्यरात्र उलटून गेलेली, समुद्रावर दाट धुकं. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलाजवळ एकाच कंपनीचे दोन टँकर एकमेकांवर आदळले आणि सुमारे ३० लाख लिटर तेल पाण्यात गेलं. दिवस उजाडला तसे लोक किनाऱ्यावर धावले. विद्यार्थी होते, नोकरदार होते, घरातून जुने टॉवेल घेऊन आलेल्या बायका होत्या. तेलाने माखलेले जवळपास ७,००० पक्षी त्यांनी गोळा केले. त्यांतले जगून पुन्हा पाण्यात गेले फक्त ३०० च्या आसपास.

जखमी वन्यजीवांच्या शुश्रूषेचा आधुनिक इतिहास सांगायचा तर तो इथून सांगावा असं मला वाटतं. कारण त्या किनाऱ्यावर माणसं कमी नव्हती, मायाही कमी नव्हती. पक्ष्याला नेमकं काय झालंय हेच कुणाला नीट ठाऊक नव्हतं. त्याच्या चार वर्षं आधी, मार्च १९६७ मध्ये, इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्यालगत ‘टॉरी कॅन्यन’ हा टँकर खडकावर चढला, तेव्हाही हेच घडलं होतं. लोकांनी हजारो पक्षी उचलून आणले, धुतले आणि त्यांतले बहुतेक दगावले.

चूक कुठे होत होती? पाणपक्ष्याच्या पिसांना बारीक तंतू असतात आणि ते एकमेकांत अडकून घट्ट वीण तयार करतात. पाणी आत शिरत नाही ते मुख्यतः या विणीमुळे. तेल लागलं की वीण विस्कटते आणि थंड पाणी थेट कातडीला भिडतं. गारठलेला पक्षी चोचीने पिसं साफ करू पाहतो आणि तेच तेल त्याच्या पोटात जातं. असा अर्धमेला, उपाशी, घाबरलेला जीव हाती आला की लोक पहिलं काम करायचे ते त्याला धुण्याचं. नेमकं तेच त्याला सोसत नसे. हल्ली क्रम उलटा असतो. आधी ऊब, अंधार, शांतता आणि नळीवाटे द्रव आहार. एक-दोन दिवसांत अंगात ताकद आली, तरच अंघोळ. ती कोमट पाण्याच्या एका टबातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, पाणी स्वच्छ दिसेपर्यंत चालते. खरी कसोटी लागते साबण काढताना, कारण उरलेला साबणही तेलाइतकाच पिसं भिजवतो. तेल काढायला रसायनं, द्रावणं, काय काय वापरून झालं होतं. शेवटी १९७० च्या दशकाअखेरीस साधा भांडी घासायचा द्रव साबण सरस ठरला!

१९७१ च्या त्या गोंधळात ॲलिस बर्कनर नावाच्या परिचारिका मदतीला आल्या होत्या. त्याच वर्षी त्यांनी पक्ष्यांच्या बचावासाठी एक संस्था उभी केली. ती आज ‘इंटरनॅशनल बर्ड रेस्क्यू’ म्हणून ओळखली जाते. रुग्णालयातली नोंदींची शिस्त पक्ष्यांच्या कामात आली ती अशी. कुठला पक्षी कधी आला, वजन किती भरलं, काय दिलं, कधी दगावला, हे लिहून ठेवायचं. हे काम रुक्ष आहे, पण एकाच्या हातून झालेली चूक दुसऱ्याला टाळता येते ती या कागदांमुळेच.

समुद्रापासून दूर, केनियात, असाच एक धडा फार महाग पडला. डॅफ्नी शेल्ड्रिक आणि त्यांचे पती डेव्हिड त्सावो अभयारण्यात अनाथ प्राणी सांभाळत. दूधपिती हत्तीची पिल्लं मात्र जगत नसत, कारण गाईच्या दुधातली चरबी त्यांना पचत नाही. बऱ्याच वर्षांच्या खटपटीनंतर खोबरेल तेल असलेलं मिश्रण लागू पडलं आणि १९७४ मध्ये आयशा नावाचं इवलं पिल्लू तगलं, वाढूही लागलं. पण मुलीच्या लग्नासाठी डॅफ्नींना काही दिवस दूर जावं लागलं. आयशाने खाणं टाकलं आणि ती गेली. दूध तेच होतं, माणूस बदललं होतं. तेव्हापासून तिथे एक नियम आहे. पिल्लांजवळ रात्री कुणीतरी झोपायचंच, पण आळीपाळीने. जीव कळपावर जडू दे, एका माणसावर नको.

माणसाचा लळा ही मदतच कधी कधी इजा ठरते. अंड्यातून बाहेर आल्यावर पहिल्यांदा जे हलताना दिसतं त्यालाच हंसाचं पिल्लू आई मानतं, हे कोनराड लोरेन्झ यांनी १९३५ मध्येच मांडलं होतं. शुश्रूषा केंद्रांत ते मुरायला मात्र वेळ लागला. १९८० च्या दशकात कॅलिफोर्नियातले काँडर गिधाड नामशेष व्हायला आले आणि १९८७ पर्यंत उरलेसुरले सगळे, एकूण २७, पिंजऱ्यात आणले गेले. त्यांच्या पिल्लांना भरवणारा माणूस पडद्याआड बसे आणि हातात गिधाडाच्या डोक्याची बाहुली घाली. तरीही १९९२ पासून सोडलेले काही पक्षी विजेच्या खांबांवर बसून मेले. मग पिंजऱ्यात खोटे खांब उभारले. त्यांवर बसलं की हलका झटका बसायचा. क्रूर वाटतं खरं, पण उपयोग झाला.

कायद्याने या लोकसहभागाकडे वेगवेगळ्या नजरेने पाहिलं आहे. अमेरिकेत स्थलांतरित पक्ष्यांसाठीच्या १९१८ च्या कायद्यामुळे परवान्याशिवाय असा पक्षी घरी ठेवून सांभाळता येत नाही. ब्रिटनच्या १९८१ च्या कायद्यात जखमी पक्षी बरा करून सोडण्यापुरती सामान्य माणसालाही मुभा आहे. भारताच्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात सरकारी मालमत्ता ठरणारा प्राणी हाती आला, तर ४८ तासांत पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत अधिकाऱ्याकडे कळवावं लागतं. मला मधला मार्ग आवडला असता. पण घरात लाडावलेल्या आणि कधीच जंगलात न गेलेल्या पिल्लांची संख्या पाहिली की परवान्याची कटकट पटते. त्यातली कितीतरी पिल्लं मुळात अनाथ नसतातच. उडायला शिकणारं पाखरू जमिनीवर बसलेलं असतं, आईबाप जवळच्या फांदीवर असतात आणि आपण त्याला ‘वाचवून’ घरी आणतो. माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकते, हा समजही बहुतेक पक्ष्यांच्या बाबतीत निव्वळ ऐकीव आहे.

आसाममध्ये काझीरंगाच्या कडेला २००२ मध्ये वन विभाग आणि स्वयंसेवी संस्थांनी मिळून केंद्र उभारलं, तेव्हा पुरात वाहून आलेल्या पिल्लांची पहिली खबर गावकऱ्यांकडूनच येईल हे गृहीत होतं. तिथे वाढवलेले गेंडे २००६ पासून आसाममधल्याच मानस राष्ट्रीय उद्यानात नेले गेले. शिकारीमुळे मानसमधले गेंडे तोवर संपले होते. नेलेल्या माद्यांना पुढे तिथे पिल्लंही झाली.

आणि मग केपटाऊन. १९९४ मध्ये ‘अपोलो सी’ हे जहाज बुडालं तेव्हा सुमारे १०,००० पेंग्विन माखले आणि जवळपास निम्मे गेले. त्यातले बरेच वाहतुकीत आणि पहिल्या काही दिवसांत. जून २००० मध्ये ‘ट्रेझर’ हे जहाज बुडालं तेव्हा आकडा १९,००० वर गेला, पण या वेळी ‘सॅनकॉब’ ही १९६८ पासूनची स्थानिक संस्था सावध होती. हजारो स्वयंसेवक आले. पेंग्विनची चोच चिमट्यासारखी लागते. मासा भरवताना हात सोलून निघायचे, तरी दुसऱ्या दिवशी माणसं पट्ट्या बांधून हजर. आणखी साडेएकोणीस हजार स्वच्छ पेंग्विन उचलून ८०० किलोमीटरच्या आसपास दूर, पोर्ट एलिझाबेथला सोडले. पोहत घरी येतील तोवर इथलं तेल निवळेल, असा हिशेब. पीटर, पामेला आणि पर्सी या तिघांच्या पाठीवर उपग्रहाला कळवणारी यंत्रं होती आणि लोक त्यांची वाटचाल रोज इंटरनेटवर पाहत होते. तिघेही पोचले. माखलेल्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक पक्षी बरे होऊन समुद्रात गेले.

‘सोडले किती’ यापेक्षा ‘पुढे जगले किती’ हा प्रश्न १९९० च्या दशकात जोरात विचारला जाऊ लागला होता. उत्तर अमेरिकेतल्या, पायात ओळखीचं कडं घातलेल्या पक्ष्यांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा धुऊन सोडलेले कित्येक समुद्रपक्षी काही दिवसांतच मेल्याचं दिसलं आणि हा सगळा खटाटोप कशाला, अशी टीका झाली. पेंग्विनांच्या नोंदींनी वेगळं चित्र दाखवलं. सोडलेले पक्षी वर्षानुवर्षं जगतात, पिल्लं वाढवण्यात मात्र थोडे मागे पडतात. तेव्हा उत्तर जातीगणिक बदलतं.

२०२१-२२ नंतर बर्ड फ्लूने यात नवी अडचण आणली. युरोप-अमेरिकेतल्या बऱ्याच केंद्रांनी हंस, बदकं, कुरव आत घेणं काही काळ थांबवलं, कारण एका आजारी पक्ष्यामुळे आतले सगळे गमवायची भीती. तिथे खोक्यात पक्षी घेऊन आलेल्या माणसाला आता दारातच सांगतात, खोकं गाडीतच राहू द्या, आधी फोन करा.