सेटईयूआयडी की सेटयूआयडी: रूटची किल्ली खिशात ठेवायची की परत करायची?

पुण्यातल्या एखाद्या इंजिनिअरिंग कॉलेजचा सामायिक लिनक्स सर्व्हर डोळ्यांसमोर आणा. पन्नास-साठ विद्यार्थ्यांची खाती आणि त्यावर रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी खात्याच्या, मालकीचा एक छोटा प्रोग्राम. त्याला सेटयूआयडी बिट लावलेला आहे, म्हणजे कुणीही चालवला तरी तो मालकाच्या अधिकारांनी चालतो. रूटचं काम संपलं की त्याने अधिकार सोडायला हवेत. त्यासाठी कुणी सेटईयूआयडी हा कॉल (प्रोग्रामने ऑपरेटिंग सिस्टिमकडे केलेली मागणी) वापरतं, कुणी सेटयूआयडी, म्हणजे बिटच्याच नावाचा कॉल. नंतर इफेक्टिव्ह यूआयडी (अधिकार ठरवणारा वापरकर्ता-क्रमांक; रूटचा ०) तपासला तर दोन्हीकडे विद्यार्थ्याचा १००० दिसतो, आणि गोंधळ इथूनच सुरू होतो.

प्रोसेसजवळ, म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रामजवळ, रिअल (चालवणाऱ्याचा), इफेक्टिव्ह आणि सेव्हड (परत घेता यावा म्हणून राखलेला) असे तीन यूआयडी असतात. १००० क्रमांकाच्या विद्यार्थ्याने हा प्रोग्राम चालवला की ते अनुक्रमे १०००, ०, ० होतात. सेटईयूआयडी फक्त मधला आकडा बदलतो: १०००, १०००, ०. शेवटचं शून्य म्हणजे खिशातली किल्ली. प्रोग्राम हवं तेव्हा पुन्हा रूट होऊ शकतो, आणि त्यात घुसलेला हल्लेखोरही होऊ शकतो. रूट असताना सेटयूआयडी बोलावला तर तिन्ही आकडे १००० होतात आणि परतीची वाट बंद होते.

‘रूट असताना’ ही अट मात्र फार जण विसरतात. आधी सेटईयूआयडीने खाली उतरून मग ‘आता कायमचं सोडू’ म्हणून सेटयूआयडी बोलावला, तर तो फक्त इफेक्टिव्हलाच हात लावतो. शून्य तसंच राहतं, आणि कॉल यशस्वी झाल्यामुळे कुणाला संशयही येत नाही. म्हणून नव्या कोडमध्ये तिन्ही आकडे स्पष्ट लिहायला लावणारा सेटरेसयूआयडीच वापरावा, असं आमचं ठाम मत आहे.

आता सिग्नल, म्हणजे प्रोसेसला पाठवलेली छोटी सूचना. तो पाठवायची परवानगी आहे का, हे ठरवताना लिनक्स कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) पाठवणाऱ्याचा रिअल किंवा इफेक्टिव्ह यूआयडी घेतं आणि तो समोरच्या प्रोसेसच्या रिअल किंवा सेव्हडशी जुळतो का ते बघतं. समोरच्याचा इफेक्टिव्ह यात येतच नाही. त्यामुळे आपला विद्यार्थी रूट म्हणून चाललेल्या त्या प्रोग्रामलाही सिगटर्म (थांबण्याची विनंती) किंवा सिगकिल (सक्तीने मारणं) पाठवू शकतो, कारण रिअल १००० त्याचाच आहे.

रूटने सुरू केलेल्या डीमनचं (पार्श्वभूमीत चालणाऱ्या सेवेचं) चित्र उलटं असतं. सेटईयूआयडीनंतर त्याचे आकडे ०, १०००, ० होतात. १००० चा वापरकर्ता त्याला सिग्नल पाठवू शकत नाही. पण तो डीमन मात्र रिअल शून्याच्या जोरावर रूटच्या इतर प्रोसेसना सिग्नल पाठवू शकतो. अधिकार कायमचे सोडले की ही ताकद जाते, आणि त्याच यूआयडीच्या इतर प्रोसेसना याला मारता येऊ लागतं. दहा सेवा एकाच ‘नोबडी’ खात्यावर चालवू नयेत, प्रत्येकीला वेगळं खातं द्यावं, याचं एक कारण हेच.

किल्ली खिशात ठेवण्याचा खरा धोका हँडलरमध्ये, म्हणजे सिग्नल आल्यावर चालणाऱ्या फंक्शनमध्ये, असतो. सिग्नल येईल त्या क्षणी प्रोसेसचे जे अधिकार असतील, त्याच अधिकारांनी हँडलर चालतो. १९९७ मध्ये सर्ट या संगणक-सुरक्षा संस्थेने फाइलींची देवाणघेवाण करणाऱ्या एफटीपी सर्व्हरमधल्या अशाच चुकीबद्दल इशारा दिला होता. जोडणी तुटल्यावर येणाऱ्या सिगपाइपचा हँडलर लॉगआउटची नोंद करायला इफेक्टिव्ह यूआयडी शून्य करायचा. तेवढ्यात सिगअर्ज (तातडीचा डेटा आल्याचा सिग्नल) आला की त्याचा हँडलर लाँगजम्पने थेट मुख्य लूपमध्ये उडी मारायचा. नोंदीनंतर प्रोसेस संपवणारी ओळ चालायचीच नाही आणि पुढच्या आज्ञा रूट म्हणून चालायच्या.

म्हणून तात्पुरतं वर जायचंच असेल तर आधी सिगप्रॉकमास्कने सगळे सिग्नल अडवा, मग वर जा, काम करा, खाली या आणि शेवटी जुना मास्क (अडवलेल्या सिग्नलची यादी) परत लावा. मास्क आधी काढून मग खाली आलात तर सगळी मेहनत वाया. सिगकिल आणि सिगस्टॉप अडवता येत नाहीत, तेव्हा महत्त्वाची फाइल जागेवर लिहू नका. तात्पुरत्या फाइलमध्ये लिहून रिनेम करा, म्हणजे मध्येच मरण आलं तरी अर्धवट फाइल उरणार नाही. हँडलरमध्ये एक झेंडा उभारण्यापलीकडे काही करू नये. जुलै २०२४ मध्ये उघड झालेल्या ओपनएसएसएचच्या (दूरस्थ लॉगिनच्या सॉफ्टवेअरच्या) दोषात रूटच्या प्रोसेसमधला सिगअलार्मचा (वेळ संपल्याच्या सिग्नलचा) हँडलर सिसलॉग हे नोंदी लिहिणारं फंक्शन बोलावत होता, आणि सिसलॉग हँडलरमधून सुरक्षित नाही. हा २००६ मधलाच दोष ८.५पी१ मध्ये परत आला होता, ९.८पी१ मध्ये तो दुरुस्त झाला.

आणखी एक वारसा असतो. एक्झेकमध्ये, म्हणजे प्रोसेस नवा प्रोग्राम चालवायला घेते तेव्हा, हँडलर मूळ स्थितीला जातात, पण दुर्लक्षित केलेले सिग्नल, मास्क आणि आधी लावलेला अलार्म पुढे तसेच जातात. म्हणजे विद्यार्थी अलार्म लावून मगच तुमचा प्रोग्राम सुरू करू शकतो. सुरुवातीलाच मास्क, अलार्म आणि आपल्याला लागणाऱ्या सिग्नलची व्यवस्था स्वतः ठरवा.

कायमचं उतरताना क्रम चुकवू नका: आधी सेटग्रुप्स (जास्तीचे गट), मग सेटरेसजीआयडी (गट-क्रमांक), शेवटी सेटरेसयूआयडी. यूआयडी आधी सोडला तर गट बदलायचा अधिकारच उरत नाही. प्रत्येक कॉलचं उत्तर तपासा आणि एकही फसला तर तिथेच बाहेर पडा. नंतर मुद्दाम सेटईयूआयडीने शून्य मागून बघा. ईपर्म, म्हणजे ‘परवानगी नाही’ हे उत्तर, मिळालंच पाहिजे. बाहेरून खात्री करायची तर प्रॉक या, प्रोसेसची माहिती दाखवणाऱ्या फोल्डरमधल्या त्या प्रोसेसच्या स्टेटस फाइलमधली यूआयडीची ओळ वाचा: रिअल, इफेक्टिव्ह, सेव्हड आणि फाइलसिस्टिमचा, असे चार आकडे दिसतील. चारही १००० हवेत.

प्रोग्राममध्ये अनेक थ्रेड (एकाच प्रोसेसमध्ये समांतर चालणारे धागे) असतील तर हे कॉल सी लायब्ररीतूनच करा. लिनक्स कर्नल हे यूआयडी प्रत्येक थ्रेडला वेगळे ठेवतं. बाकीच्या थ्रेडना बदलायला लावण्यासाठी जीलिबसी ही लिनक्सवरची नेहमीची सी लायब्ररी आतल्या आत ३३ क्रमांकाचा सिग्नल वापरते. थेट सिस्टिम कॉल केला तर एकच थ्रेड खाली उतरतो आणि उरलेले रूटच राहतात.