जुलाब थांबवणाऱ्या गोळीने कोलेस्टेरॉल उतरतं ते कसं?

चीनमध्ये पोट बिघडलं की औषधाच्या दुकानातून बर्बेरीनची स्वस्त पिवळी गोळी आणतात. हे द्रव्य तिथल्या पारंपरिक वैद्यकातल्या हुआंगल्येन या कडूजहर मुळात असतं; आपल्या दारुहळदीचा पिवळा रंगही त्याचाच. २००४ साली ‘नेचर मेडिसिन’मध्ये चिनी संशोधकांचा निबंध आला. कोलेस्टेरॉल वाढलेल्या ३२ जणांनी रोज दोनदा अर्धा ग्रॅम बर्बेरीन तीन महिने घेतलं आणि त्यांचं एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, २५ टक्क्यांनी उतरलं.

खरी गंमत त्यामागच्या यंत्रणेत आहे. रक्तातलं एलडीएल यकृताच्या पेशी आत ओढून घेतात. त्यासाठी त्यांच्या पृष्ठभागावर ग्राही नावाची प्रथिनं असतात. ग्राही जास्त, तर धमनीच्या अस्तराखाली साचायला एलडीएल कमी. स्टॅटिन या कोलेस्टेरॉलवरच्या नेहमीच्या औषधामुळे पेशीला कोलेस्टेरॉलचा तुटवडा भासतो, मग ती ग्राहीचं जनुक जोरात वाचते आणि एमआरएनएच्या, म्हणजे प्रथिन कसं बनवायचं हे सांगणाऱ्या चिठ्ठीच्या, नव्या प्रती काढते. बर्बेरीन मात्र जनुकाच्या वाटेला जात नाही. ते पेशीतली ‘ईआरके’ ही संदेशसाखळी जागी करतं. या साखळीत एक प्रथिन पुढच्याला फॉस्फेट चिकटवतं, ते त्याच्या पुढच्याला. ग्राहीचा एमआरएनए एरवी अल्पायुषी. त्याच्या शेपटाकडच्या भागातच लवकर नष्ट होण्याची खूण असते. ईआरके जागी झाली की तो जास्त टिकतो. चिठ्ठी तीच, पण फाडून टाकायच्या आधी जास्त वेळा वाचली जाते, आणि तितके ग्राही जास्त बनतात.

स्टॅटिनचा मार्ग वेगळा, म्हणून दोन्ही एकत्र देण्याची कल्पना ओघानेच आली. पण इथे हात आखडता घेतलेला बरा. गिळलेल्या बर्बेरीनचा एक टक्काही जेमतेम रक्तात पोहोचतो, तेव्हा काचेच्या बशीतल्या पेशींवर दिसलेलं सगळंच शरीरात घडेल असं नाही. ‘अमुक वनस्पती तमुक सिग्नल बंद करते’ छापाचे निबंध ढिगाने निघतात. त्यांतले बरेचसे बशीत नाहीतर उंदरात संपतात. शिवाय एलडीएल उतरणं वेगळं, जीव वाचणं वेगळं. सिम्व्हास्टॅटिन या स्टॅटिनने जीव वाचतात हे १९९४ मध्ये ४,४४४ हृदयरुग्णांवर पाच वर्षांहून अधिक काळ चाललेल्या चाचणीत दाखवलं: मृत्यू ३० टक्क्यांनी घटले. बत्तीस जणांची तीन महिन्यांची चाचणी त्या प्रश्नाला हातच घालू शकत नाही.

घरच्या दारुहळदीच्या चूर्णाने हेच साधेल असंही समजू नये. त्यात बर्बेरीन किती, हे मुळागणिक बदलतं. शिवाय बर्बेरीन यकृतातल्या काही एन्झाइम्सना अडवतं. त्यामुळे इतर औषधं रक्तात वाढतात, उदाहरणार्थ मूत्रपिंड रोपणानंतर घ्यावं लागणारं सायक्लोस्पोरिन. गरोदरपणात तर ते टाळायलाच सांगतात.