तेलात बुडालेला संगणक : युरोपीय गाड्यांच्या गिअरबॉक्सच्या निदानाची पार्श्वभूमी

जर्मन किंवा चेक कंपनीची ऑटोमॅटिक गाडी सिग्नलवरून निघताना झटके देऊ लागली, किंवा चालता चालता एकाच गिअरमध्ये अडकून बसली, की मालकाला बहुधा एकच उत्तर ऐकायला मिळते : गिअरबॉक्स गेला, नवा टाकावा लागेल. हे उत्तर पुष्कळदा घाईचे असते. चक्रांचे दात झिजणे, बेअरिंग आवाज करू लागणे, क्लचच्या प्लेट जळणे हे दोष आजही होतात. परंतु गेल्या तीन दशकांत या गाड्यांच्या गिअरबॉक्समध्ये जे बदल होत गेले, त्यांमुळे बिघाडाचा शोध लोखंडाआधी तेल, दाब आणि वीज यांच्यापासून सुरू करावा लागतो. शोधाचा हा क्रम कसा ठरत गेला, ते या बदलांच्या इतिहासातून स्पष्ट होते.

आपल्याकडे एका युरोपीय गाडीची दुरुस्ती दोन-तीन पिढ्यांच्या हातात बसलेली होती. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी प्रीमियर पद्मिनी मुळात इटलीची फियाट ११०० होती. चार गिअर, स्टिअरिंगच्या खांबावर बसवलेला दांडा आणि पायाखाली क्लच, एवढाच तिचा कारभार. गिअर पडत नसेल तर मेकॅनिक आधी क्लचचे सेटिंग पाहत असे, मग दांड्याच्या जोडण्या ढिल्या झाल्या आहेत का ते हाताने हलवून तपासत असे, आणि गिअरबॉक्स उतरवण्याची वेळ त्यानंतरच येत असे. दोष कानाला ऐकू येई किंवा खोलल्यावर डोळ्यांना दिसे.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये हे पहिल्यांदा बदलले. मर्सिडीज-बेंझने १९६१ मध्ये स्वतः विकसित केलेला चार गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बाजारात आणला. त्या काळच्या अशा गिअरबॉक्समध्ये कोणता गिअर केव्हा पडायचा, हे तेलाचा दाब ठरवत असे. व्हॉल्व्ह बॉडी नावाच्या धातूच्या ठोकळ्यात कोरलेल्या अरुंद वाटांमधून तेल फिरे आणि त्या त्या वेगाला योग्य ती झडप उघडे. निदानाची साधने साधीच होती : दाब मोजणारा गेज, रस्त्यावरची चाचणी आणि तेलाची डिपस्टिक. तेल काळवंडले असेल आणि त्याला जळका वास येत असेल, तर आतल्या क्लचच्या प्लेट गेल्या हे अनुभवी माणूस डिपस्टिक पुसतानाच सांगू शके.

इलेक्ट्रॉनिक नियंत्रण आले आणि ही डिपस्टिकही गेली. बॉश कंपनीने १९८६ मध्ये कॅन ही संदेशवहनाची पद्धत जाहीर केली. गाडीतील वेगवेगळे कंट्रोल युनिट, म्हणजे छोटे संगणक, दोन तारांवरून एकमेकांशी बोलू लागले. १९९६ मध्ये मर्सिडीजचा पाच गिअरचा ७२२.६ हा गिअरबॉक्स आला, तेव्हा गिअर बदलण्याचा निर्णय कंट्रोल युनिट घेत होते, आणि तेल भरण्याची नळी सील केलेली होती, कारण हे तेल आयुष्यभर पुरेल असे मानले गेले होते. पुढे मर्सिडीजनेच ते बदलण्याचे अंतर ठरवून दिले.

या गिअरबॉक्सचा एक दोष सविस्तर पाहण्यासारखा आहे. वायरिंग जिथे आत शिरते, तिथे तेरा पिनांचा एक गोल प्लास्टिकचा कनेक्टर असतो. त्याच्या रबरी ओ-रिंग उष्णतेने कडक होतात आणि तेल झिरपू लागते. ते नुसते खाली ठिबकत नाही; दिव्याच्या वातीत चढावे तसे ते तारांच्या आवरणातून वर चढत जाते आणि पुढच्या भागात वेगळ्या डब्यात बसवलेल्या कंट्रोल युनिटपर्यंत पोहोचते. मग गाडी लिंप मोडमध्ये जाते, म्हणजे स्वतःच्या संरक्षणासाठी दुसऱ्या क्रमांकाच्या गिअरमध्येच अडकते. गाडीचा जोर संपलेला पाहून मालक घाबरतो, गॅरेजवाला गिअरबॉक्स उतरवायला सांगतो, आणि खरा दोष त्या अगदी स्वस्त कनेक्टरमध्ये असतो. त्याच्या आतल्या बाजूला असलेल्या कंडक्टर प्लेटवरील, म्हणजे विद्युत जोडण्यांच्या पट्टीवरील, वेगमापक सेन्सरही बंद पडतात. प्लेट बदलायला तेलाचे पॅन आणि व्हॉल्व्ह बॉडी काढावी लागते, संपूर्ण गिअरबॉक्स नव्हे. हा फरक ज्या मेकॅनिकला ठाऊक आहे, तो गिऱ्हाइकाचे फार मोठे नुकसान वाचवतो.

दरम्यान युरोपात २००१ पासून नव्या पेट्रोल गाड्यांना आणि त्यानंतर डिझेल गाड्यांना प्रदूषणाशी संबंधित बिघाडांची नोंद ठेवणारी प्रणाली सक्तीची झाली. ठरावीक आकाराच्या सॉकेटमुळे कोणताही स्कॅनर जोडणे शक्य झाले, पण त्यातून एक गैरसमजही पसरला. स्वस्त स्कॅनरवर येणारा पी०७०० हा कोड कोणत्याही दोषाचे नाव सांगत नाही. गिअरबॉक्सच्या कंट्रोल युनिटमध्ये काहीतरी नोंदले गेले आहे, तिकडे पाहा, एवढाच त्याचा अर्थ असतो. तिकडे पाहण्यासाठी त्या कंपनीच्या गाड्या वाचू शकणारी साधने लागतात, आणि अनेक चुकीची निदाने नेमकी या पहिल्या कोडपाशी थांबल्यामुळे झालेली असतात.

पुढचा टप्पा माझ्या मते सर्वांत निर्णायक होता. २००१ मध्ये बीएमडब्ल्यूच्या ७ सीरिजमध्ये आलेल्या, झेडएफ या गिअरबॉक्स बनवणाऱ्या जर्मन कंपनीच्या सहा गिअरच्या गिअरबॉक्समध्ये आणि २००३ मध्ये मर्सिडीजच्या सात गिअरच्या गिअरबॉक्समध्ये कंट्रोल युनिट आतच, गरम तेलाच्या सान्निध्यात, झडपांना जोडून बसवले गेले. बाहेरचे वायरिंग कमी झाले, गिअर अधिक सफाईने पडू लागले. पण सर्किट, सेन्सर आणि झडपा मिळून एकच भाग झाला आणि एक सेन्सर गेला तरी अख्खा भाग बदलण्याची प्रथा पडली. मर्सिडीजमध्ये तो भाग चोरीविरोधी प्रणालीशी बांधलेला असल्याने दुसऱ्या गाडीतला काढून बसवला तरी गाडी तो सहजासहजी स्वीकारत नाही.

झेडएफच्या गिअरबॉक्समध्ये तेलाचा फिल्टर प्लास्टिकच्या पॅनमध्येच असतो, म्हणून फिल्टरसाठी पॅनच बदलावे लागते. बीएमडब्ल्यू हे तेल आयुष्यभराचे मानत असताना खुद्द झेडएफ मात्र ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरनंतर किंवा आठ वर्षांनी ते बदलायला सांगते. मालकाने गिअरबॉक्स बनवणाऱ्याचे ऐकावे, असे मला ठामपणे वाटते. तेलाची पातळीही इंजिन चालू ठेवून आणि तेलाचे तापमान ३० ते ५० अंश सेल्सिअसच्या दरम्यान असतानाच पाहायची असते. ही अट न पाळता तेल भरले की झटके येतात आणि त्याचा दोष यंत्रावर जातो.

दोन क्लचच्या गिअरबॉक्सची कथा याला समांतर चालते. विषम गिअरना एक आणि सम गिअरना दुसरा क्लच द्यावा, म्हणजे पुढचा गिअर आधीच तयार राहील, ही कल्पना फ्रेंच अभियंते अडॉल्फ केग्रेस यांनी १९३९ मध्ये मांडली होती. पोर्शेने १९८० च्या दशकात ती शर्यतीच्या गाड्यांत वापरली, आणि २००३ मध्ये फोक्सवॅगनने सहा गिअरचा असा गिअरबॉक्स डीएसजी या नावाने गोल्फ गाडीत आणला. त्याचे क्लच तेलात भिजलेले होते. २००८ मध्ये आलेल्या सात गिअरच्या डीक्यू२०० मध्ये लहान इंजिनांसाठी कोरडे क्लच वापरले गेले. चक्रांसाठी जेमतेम १.७ लिटर तेल आणि कंट्रोल युनिट आणि झडपा एकत्र असलेल्या मेकॅट्रॉनिक युनिटसाठी सुमारे एक लिटर वेगळे तेल.

उष्ण, दमट आणि गर्दीच्या शहरांत हा गिअरबॉक्स अडचणीत आला. फोक्सवॅगनला २०१२ मध्ये चीनमध्ये वॉरंटी १० वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरपर्यंत वाढवावी लागली आणि मार्च २०१३ मध्ये तिथल्या सुमारे ३ लाख ८४ हजार गाड्या परत बोलवाव्या लागल्या. त्याच वर्षाच्या अखेरीस कंपनीने जे कारण सांगितले, ते या विषयात रस असणाऱ्या प्रत्येकाने नीट समजून घ्यावे : उष्ण-दमट हवेत आणि सतत थांबत-निघत चालवताना सिंथेटिक तेलामुळे आतल्या विद्युत भागात बिघाड होऊन गिअरबॉक्सचा वीजपुरवठाच खंडित होऊ शकत होता. उपाय म्हणून लाखो गाड्यांमधले सिंथेटिक तेल काढून मिनरल तेल भरले गेले. लोखंडाचा एकही भाग न मोडता गाडी रस्त्यात उभी राहत होती.

याच गिअरबॉक्सचा दुसरा ओळखीचा दोष म्हणजे मेकॅट्रॉनिकमधील दाब साठवणाऱ्या टाकीच्या बैठकीला जाणारा तडा. दाब टिकत नाही, पंप पुन्हा पुन्हा चालू होतो, पी१७बीएफ किंवा पी१८९सी हे कोड येतात आणि डॅशबोर्डवर गिअरची अक्षरे लुकलुकतात. सुरुवातीला यावर पूर्ण युनिट बदलणे हाच मार्ग सांगितला जात असे. आता स्वतंत्र गॅरेज तडा गेलेला तेवढाच भाग बदलून, नवे तेल भरून, स्कॅनरवरून बेसिक सेटिंग, म्हणजे सुरुवातीची जुळणी, करून गाडी चालू करतात. युरोपीय संघाच्या २००७ च्या नियमाने दुरुस्तीची माहिती स्वतंत्र व्यावसायिकांनाही उपलब्ध करून देणे कंपन्यांना बंधनकारक केले, त्याचाही या बदलाला आधार मिळाला.

महाराष्ट्राशी या इतिहासाचा संबंध थेट आहे. चाकणच्या कारखान्यातून २०१३ मध्ये निघालेल्या फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआयमध्ये हाच डीक्यू२०० होता. स्कोडा कुशाक आणि फोक्सवॅगन टायगुन २०२१ मध्ये आल्या, तेव्हा त्यांच्या १.५ लिटर इंजिनालाही सात गिअरचा डीएसजी होता, तर त्यांच्याच १ लिटर इंजिनाला सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर ऑटोमॅटिक, म्हणजे इंजिनाचा जोर तेलामार्फत पुढे पोहोचवणारा गिअरबॉक्स. बाहेरून गाडी तीच दिसते, पण पहिल्या गिअरमध्ये थरथरणाऱ्या एका गाडीत कोरड्या क्लचची झीज आणि त्याचे सेटिंग आधी तपासावे लागते, तर दुसरीत तेलाची पातळी, त्याची अवस्था आणि कन्व्हर्टर. म्हणून गाडी गॅरेजात देताना इंजिन कोणते आणि गिअरबॉक्स कोणता, हे मालकाने आधी सांगावे, आणि गिअरबॉक्स उतरवायला संमती देण्यापूर्वी त्याच्या कंट्रोल युनिटमधून वाचलेल्या कोडची पूर्ण यादी छापून मागावी.