केस न गळणारा कुत्रा आला कुठून?

गोव्यातल्या फोंड्याला माझ्या मावसबहिणीकडे जुलैत गेलो की आधी हेअर ड्रायरचा आवाज ऐकू येतो, मग कुत्रा दिसतो. शिह त्झू जातीचा, साडेपाच किलोचा, नाव लाडू. बाहेर पाऊस कोसळत असतो आणि ही त्याला मांडीवर घेऊन कानामागच्या गुठळ्या बोटांनी सोडवत बसलेली असते. "दादा, विकणारा म्हणाला होता, याचे केस गळत नाहीत. खरंच गळत नाहीत रे. जागच्या जागी गुंततात!"

तिच्या या तक्रारीत त्या कुत्र्याचा निम्मा इतिहास आला.

आमच्या आजोळी, डिचोलीजवळच्या गावात, कुत्र्याचे केस गळतात की नाही हा प्रश्न कुणाला पडलाच नव्हता. कुत्रा अंगणातला. तांबूस, आखूड केसांचा, पहाटे पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, भोंप्याला न चुकता उत्तर देणारा. शेणाने सारवलेल्या अंगणात दोन केस पडले काय आणि दोनशे पडले काय. दत्ताच्या तसबिरीतली चार कुत्रीसुद्धा याच घाटाची, विंचरायची गरज नसलेली. केसांचा प्रश्न निर्माण झाला तो कुत्रा उंबरठा ओलांडून आत आला तेव्हा. पर्वरी, मडगाव, फोंडा इथे फ्लॅट उभे राहिले, पांढऱ्या टाइल्स आल्या, सोफे आले, आणि अंगण गेलं.

आत आलेला पहिला कुत्रा मात्र अगदीच चुकीचा निवडला गेला. आपण सगळे त्याला पॉमेरेनियन म्हणायचो. बहुतेक वेळा तो इंडियन स्पिट्झ असायचा. 1994 च्या ‘हम आपके हैं कौन’मधला टफी याच जातीचा. त्यानंतर तो घराघरांत शिरला आणि त्याचा पांढरा कापूस काळ्या पँटीवर दिसू लागला. मग 2003 मध्ये हच या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत पोराच्या मागे मागे जाणारा पग आला. केस आखूड म्हणजे गळणार कमी, असा सरळ हिशेब लोकांनी केला. पगचे केस भरपूर गळतात, आणि आखूड, ताठ असल्यामुळे सोफ्याच्या कापडात असे रुततात की झाडूने निघत नाहीत.

लांबीचा आणि गळण्याचा संबंध उलटाच आहे. प्रत्येक केस काही काळ वाढतो, काही काळ थांबतो आणि गळतो. स्पिट्झचा केस ठरावीक लांबीपर्यंत वाढून थांबतो आणि नव्याला जागा करून देतो. शिवाय वरच्या केसांखाली मऊ लोकरीचा दाट थर असतो, तो वेगळाच झडतो. पूडल, माल्टीज, शिह त्झू यांच्यात वाढीचा काळ फार लांबतो. आपल्या डोक्याच्या केसांसारखं. केस वाढतच राहतो, गळतो कमी, आणि जो गळतो तोही शेजारच्या केसांत अडकून राहतो. म्हणजे झाडू वाचतो आणि फणी लागते.

हे केस आले कसे? एक वाट पाण्यातली आहे. पूडल हा मुळात शिकाऱ्याचा कुत्रा, गोळी लागून पाण्यात पडलेलं बदक काढून आणणारा. त्याचं नाव जर्मन भाषेत पाण्यात डुबक्या मारण्याशी जोडलेलं आहे. केसांचा हा कुरळा, दाट कोट थंड पाण्यात अंगाला ऊब देई, पण भिजला की जड होई. म्हणून मागचा भाग भादरायचा आणि छाती व सांधे झाकलेले ठेवायचे. आज प्रदर्शनात पाहून आपल्याला हसू येतं ती गोंड्यांची हजामत या कामाच्या सोयीतून आलेली. पोर्तुगालच्या आल्गार्व किनाऱ्यावरचे कोळीही असाच कुत्रा बाळगत: मासळी जाळ्याकडे हाकणारा, एका होडीतून दुसरीत निरोप नेणारा. त्यालाही सिंहासारखं अर्धं भादरत. साडेचारशे वर्षांत पोर्तुगीजांनी आपल्याला पाव दिला, काजू दिला, मिरची दिली. त्यांच्या कोळ्यांचा हा कुत्रा मात्र मी बेतूलपासून शापोऱ्यापर्यंत एकाही होडीत पाहिलेला नाही.

भूमध्य समुद्राकाठचे पांढरे छोटे कुत्रे, माल्टीज आणि बिशाँ, यांची गोष्ट निराळी. ते कामाचे कधी नव्हतेच. मांडीवर बसणं हेच त्यांचं काम. ‘मेलिटा’ बेटाच्या छोट्या कुत्र्याचा उल्लेख ॲरिस्टॉटलने केला आहे, म्हणजे ही हौस तेवीसशे वर्षांची तरी आहे. इंग्लंडमधल्या यॉर्कशायर टेरियरची सुरुवात मात्र कापड गिरण्यांतले उंदीर मारण्यापासून झाली. बायकांच्या पर्समध्ये तो फार उशिरा गेला.

आणि दुसरी मोठी वाट तिबेटातून येते. ल्हासा अप्सो मठांच्या आत राखण करायचा. बाहेर दाराशी भलामोठा मॅस्टिफ, आत हा कान टवकारलेला. तो विकत नसत, भेट देत. 13 व्या दलाई लामांनी 1933 मध्ये सायडम कटिंग या अमेरिकन प्रवाशाला एक जोडी दिली, तिथून अमेरिकेतली ल्हासांची वाढ सुरू झाली. शिह त्झू त्याचा चिनी भाऊबंद, पेकिंगच्या राजवाड्यात वाढलेला. नावाचा अर्थ सिंह-कुत्रा. सम्राज्ञी त्सूशी या कुत्र्यांच्या पैदाशीकडे जातीने लक्ष देई, आणि त्यांची निगा राखायला राजवाड्यात खोजे नेमलेले असत. 1908 मध्ये ती गेली, पुढे राजेशाही गेली, आणि कम्युनिस्ट क्रांतीनंतर चीनमधून ही जात जवळपास संपली. आज जगात जितके शिह त्झू आहेत, लाडूसकट, त्यांचा वंश परदेशी गेलेल्या अवघ्या 14 कुत्र्यांकडे जातो: सात नर, सात माद्या. 1930 च्या सुमारास इंग्लंडमध्ये पोचल्यावर त्यांना ल्हासा अप्सोच समजण्यात आलं होतं. म्हापशाला कुणी ‘ल्हासा’ म्हणून शिह त्झू दाखवला तर फार रागावू नका, मोठे मोठे परीक्षकही त्यात फसले आहेत.

जनुकशास्त्राने या सगळ्या नक्षीकामाचं उत्तर 2009 मध्ये फारच थोडक्यात दिलं. 80 जातींचे हजाराहून जास्त कुत्रे तपासल्यावर दिसलं की कुत्र्यांच्या कोटातलं बहुतेक वैविध्य तीन जनुकांवर उभं आहे: एक लांबी ठरवतं, एक कुरळेपणा, आणि एक मिशा-भुवया. मिशा-दाढी असलेले कुत्रे सहसा कमी गळतात, हे पूर्वीपासून माळकऱ्याच्या टिळ्यासारखं वरून दिसतच होतं.

इथपर्यंत गोष्ट केसांची. ती ॲलर्जीची कधी झाली, याला तारीख आहे. 1989 च्या सुमारास ऑस्ट्रेलियातल्या अंधांसाठी कुत्रे तयार करणाऱ्या संस्थेत वॉली कॉनरन यांच्याकडे हवाईहून एका अंध बाईंचं पत्र आलं. त्यांच्या नवऱ्याला कुत्र्याची ॲलर्जी होती. बरेच पूडल तपासून झाले, पण काम जमेना, म्हणून कॉनरन यांनी लॅब्रेडॉर आणि पूडल यांची जोडी लावली. तीन पिल्लं झाली. त्यांच्या केसांचे आणि लाळेचे नमुने हवाईला पाठवले. तिघांपैकी फक्त एकच पिल्लू त्या नवऱ्याला सोसलं. सख्ख्या भावंडांतलं एक, हे महत्त्वाचं. पण बाजाराने ऐकलं ते एवढंच की पूडलची भेसळ केली की ॲलर्जी जाते. उरलेल्या संकरित पिल्लांना घर मिळेना, म्हणून कॉनरन यांनी ‘लॅब्राडूडल’ हे नाव काढलं, आणि नावाने चमत्कार केला. पुढे मुलाखतींमधून त्यांनी याबद्दल खंत बोलून दाखवली. 2009 मध्ये ओबामांनी मुलीच्या ॲलर्जीमुळे ‘बो’ आणला, तो नेमका आल्गार्वच्या कोळ्यांचा कुत्रा, आणि या समजुतीवर व्हाइट हाउसचा शिक्का बसला.

वस्तुस्थिती अशी की ॲलर्जी केसाची नसतेच. ती लाळेतल्या आणि कातडीच्या कोंड्यातल्या प्रथिनांची असते, आणि लाळ प्रत्येक कुत्र्याला असते. 2011 मध्ये डेट्रॉइटच्या हेन्री फोर्ड हॉस्पिटलच्या संशोधकांनी 173 घरांतली धूळ तपासली. ‘ॲलर्जी न देणाऱ्या’ जातींच्या घरांत कुत्र्याचं ॲलर्जी देणारं प्रथिन कमी सापडलं नाही. पुढच्याच वर्षी नेदरलँड्समध्ये या जातींच्या केसांवर ते इतरांपेक्षा जास्तच मिळालं. तेव्हा घरात दमेकरी असेल तर जातीचं नाव वाचण्यापेक्षा त्याच कुत्र्याजवळ दोन-तीनदा तासभर बसून पाहणं बरं.

गोव्यात यावर आणखी एक भानगड आहे, पाऊस. वर्षाला तीनेक हजार मिलिमीटर, त्यातला बहुतेक चार महिन्यांत. तिबेटच्या कोरड्या थंडीत घडलेला कोट इथे आषाढात आतून ओला राहतो, खाली बुरशी धरते, आणि गोचीड लपायला यापेक्षा सुरक्षित जागा मागणार नाही. शिह त्झूचं नाक चपटं, त्यामुळे मे महिना वेगळाच. म्हणून इथले शहाणे मालक लांब झुलपांचा मोह सोडतात आणि महिना-दीड महिन्याने मशीन फिरवून घेतात.

घेताना दोन गोष्टी कायद्यातल्याच आहेत. एप्रिल 2016 मध्ये पैदाशीच्या धंद्यासाठी परदेशी कुत्रे आणायला सरकारने बंदी घातली, तेव्हा ‘इंपोर्टेड लाइन’ म्हणणाऱ्याला कागद विचारावेत. आणि 2017 च्या नियमांनुसार पैदासकाराची नोंदणी लागते, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. पिल्लाची आई बघायला मागावी. तिचे केस हात घालून पाहावेत.

गेल्या वर्षी चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आदल्या आठवड्यात मावसबहिणीला एकाही ग्रूमरकडे वेळ मिळाली नाही. गणपतीवर टांगायच्या माटोळीचं सामान अर्धं खोलीत पसरलेलं, आणि ही बलकावात (ओसरीत) स्टूल टाकून, शिवणकामाची कात्री घेऊन बसली. कानामागून सुरुवात केली. अर्ध्या तासाने खाली पायाशी इतके केस जमले होते की लाडू उडी मारून उतरला आणि ते हुंगत राहिला.