दरपत्रक लावलंय म्हणजे दर सरकारने ठरवलेत असं नाही

मामांची ॲन्जिओप्लास्टी झाली तेव्हा डिस्चार्जच्या दिवशी बिलिंग काउंटरवर मी चांगलाच तावातावाने भांडलो, की आयसीयूचे दिवसाला साडेसात हजारच घ्यायचे असा सरकारी नियम आहे, तुम्ही बारा कसे लावले. काउंटरवरच्या मुलीने शांतपणे समोरच्या भिंतीकडे बोट दाखवलं. बोर्डवर लिहिलेलंच होतं, आयसीयू, प्रतिदिन, १२,०००. "सर, बोर्डवर आहे तेवढंच लावलंय." आणि ती बरोबर होती. मी दोन वेगळ्या गोष्टी एकात कालवल्या होत्या, आणि बरेच जण कालवतात म्हणून हे लिहितोय.

एक असतं दर जाहीर करणं आणि दुसरं असतं दराला मर्यादा घालणं.

आपल्याकडे खासगी हॉस्पिटलांना लागू आहे तो १९४९ चा नर्सिंग होम नोंदणी कायदा (केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा महाराष्ट्राने घेतलेला नाही). त्याचे नियम जानेवारी २०२१ मध्ये सुधारले, आणि तेव्हापासून दर्शनी भागात रुग्ण हक्कांची सनद आणि दरपत्रक लावणं बंधनकारक झालं. बेडचे किती, आयसीयूचे किती, डॉक्टरांच्या एका व्हिजिटचे किती, ऑपरेशन थिएटर, भूल, नर्सिंग, ऑक्सिजन असे पंधरा प्रकारचे दर. पण नीट बघा, हे नियम दर दाखवा म्हणतात, किती ठेवा ते म्हणत नाहीत. बारा हजार लिहा नाहीतर वीस, आकडा हॉस्पिटलचाच. त्याचा उपयोग एवढाच, की ॲडमिट करायच्या आधी तुम्ही चार ठिकाणी विचारू शकता आणि नंतर बोर्डपेक्षा जास्त लावलं तर पकडू शकता. हा उपयोग लहान नाहीये, पण छातीत कळ आलेल्या माणसाला घेऊन चार ठिकाणचे बोर्ड वाचत कोण फिरणार, ते सांगा.

मग माझे साडेसात हजार कुठून आले? ती खरी मर्यादा होती, पण कोविडची. २१ मे २०२० ला राज्य सरकारने अधिसूचना काढून खासगी हॉस्पिटलातल्या ८० टक्के बेडना दर ठरवून दिले, जनरल वॉर्ड ४,०००, व्हेंटिलेटरशिवाय आयसीयू ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,०००. बिलं तपासायला ऑडिटर बसवले होते, लोकांना पैसे परतही मिळाले. ते आकडे आपल्या डोक्यात पक्के बसलेत, पण ती साथीपुरती सोय होती, ती गेली.

आज कायमची मर्यादा आहे ती काही वस्तूंवर. मामांच्याच बिलात स्टेंट होता, म्हणजे हृदयाची रक्तवाहिनी उघडी ठेवायला आत बसवतात ती बारीक जाळी. फेब्रुवारी २०१७ मध्ये एनपीपीएने, म्हणजे औषधांच्या किमती ठरवणाऱ्या केंद्राच्या प्राधिकरणाने, औषध सोडणाऱ्या स्टेंटची कमाल किंमत २९,६०० केली, त्याआधी तोच स्टेंट लाखाच्या वर जायचा. ही किंमत महागाई निर्देशांकाप्रमाणे दर वर्षी थोडी बदलते, 'फार्मा सही दाम' ॲपवर औषधांच्या ठरलेल्या किमती बघता येतात. शिवाय स्टेंट बिलात वेगळा दाखवावा लागतो, ब्रँड, कंपनी, बॅच नंबर सगळं. मामांच्या फाइलमध्ये स्टेंटच्या खोक्यावरचा स्टिकर चिकटवलेला होता, तो आणि बिलातला बॅच नंबर मी बोट ठेवून ताडून बघितला, जुळला. तुम्हीही बघा, दोन मिनिटांचं काम आहे. गुडघ्याच्या इम्प्लांटलाही ऑगस्ट २०१७ मध्ये कमाल किंमत ठरवून दिली.

आता यातच सगळ्यात मोठा घोळ होतो तो एमआरपीचा. पाकिटावर एमआरपी छापलीय म्हणजे सरकारने ठरवलेली किंमत असं आपण धरून चालतो. आवश्यक औषधांच्या यादीतल्या औषधाला सरकारी कमाल किंमत असते हे खरं, पण ग्लोव्हज, सिरिंज, कॅथेटर असल्या बहुतेक सामानाची एमआरपी कंपनीच छापते, सरकार फक्त म्हणतं वर्षात दहा टक्क्यांहून जास्त वाढवू नका. मुळात कितीने सुरुवात करायची ते कंपनी ठरवते. २०१८ मध्ये एनपीपीएने दिल्ली परिसरातल्या चार खासगी हॉस्पिटलांची बिलं तपासली तेव्हा काही वस्तूंवर १,७३७ टक्क्यांपर्यंत मार्जिन निघालं होतं. एमआरपीच्या आत राहूनही एवढं मार्जिन बसतं, याचा मला अजून संताप येतो.

म्हणून भांडायच्या आधी आपण कुठल्या नियमावर बोट ठेवतोय ते बघा. बोर्डच नाही, किंवा बोर्डपेक्षा जास्त लावलं, तर शहरात महापालिकेचा आरोग्य विभाग, गावाकडे जिल्हा शल्यचिकित्सक. स्टेंट किंवा औषध ठरलेल्या किमतीच्या वर लावलं तर एनपीपीए. बोर्डवरचाच दर जास्त वाटतोय, तर त्या तक्रारीला आज तरी कायद्याचा आधार नाही, ॲडमिट करतानाच बोलून घ्यावं लागतं. आणि बिल थकलं म्हणून मृतदेह अडवून ठेवता येत नाही, हेही त्याच २०२१ च्या नियमांत आहे, ते घरातल्या प्रत्येकाला माहीत असू द्या.

आयसीयूचे बारा हजार आम्ही भरले. पण बिलात 'कन्झ्युमेबल्स १८,४००', म्हणजे वापरून संपणारं किरकोळ सामान, अशी एकच ओळ होती, तिचा तपशील मी कागदावर लिहून मागितला. तासाभराने तीन पानं हातात आली. त्यात थर्मामीटर दोनदा होता आणि ज्या दिवशी मामा जनरल वॉर्डात होते त्या दिवशीचं आयसीयूचं किट होतं. तेवढे पैसे त्यांनी काही न बोलता कापून दिले.