पडद्यावरची रेषा कागदावर का उतरत नाही?

गेल्या महिन्यात रात्री साडेदहाला भाचीचा फोन आला. ती आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे, सकाळी सबमिशन होतं. "मामा, ड्रेनेजच्या सगळ्या रेषा स्क्रीनवर दिसतायत आणि प्रिंटवर एकही नाही. प्रिंटवाले काका म्हणतात, फाईलला व्हायरस लागलाय." तोवर ए-वन आकाराचे तीन कागद वाया गेले होते. मी विचारलं, "रेषा कोणत्या लेअरवर आहेत?" ती म्हणाली, "डेफपॉइंट्स." तिथेच उत्तर मिळालं.

ऑटोकॅड हे संगणकावर नकाशे काढायचं सॉफ्टवेअर शिकवताना लेअर म्हणजे एकावर एक ठेवलेले पारदर्शक कागद असं सांगतात. ही उपमा खऱ्या कामातून आली आहे. 1970च्या दशकात अमेरिकेतल्या मोठ्या ड्रॉइंग ऑफिसांत भिंती एका पॉलिएस्टर फिल्मवर, वायरिंग दुसऱ्या फिल्मवर काढत. सगळ्या फिल्मना एकसारखी भोकं पाडून त्या पट्टीवरच्या खुंट्यांत अडकवत, म्हणजे रेषा हलायच्या नाहीत. वायरिंग नको असेल तर ती फिल्म काढायची आणि उरलेल्यांची एकत्र प्रिंट घ्यायची.

संगणकात मात्र असा कागद कुठेच नाही. लेअर ही तिथे फक्त चिठ्ठी आहे. शाळेत प्रत्येक मुलाच्या नावापुढे 'सातवी ब' लिहिलेलं असतं. 'सातवी ब'ला सुट्टी द्यायची तर ऑफिसच्या फळ्यावर एकदाच लिहितात, चाळीस वह्यांवर नाही. लेअरचंही तसंच आहे, आणि हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येतं. कुठलंही ड्रॉइंग डीएक्सएफ या, साध्या मजकुरासारख्या वाचता येणाऱ्या फाईलच्या प्रकारात सेव्ह करा आणि ती फाईल नोटपॅडमध्ये उघडा. आत दोन-दोन ओळींच्या जोड्या दिसतील: वरच्या ओळीत संकेतांक, खालच्या ओळीत त्याचं मूल्य. रेषेच्या नोंदीत 10 आणि 20 या संकेतांकांखाली सुरुवातीच्या बिंदूचे x आणि y, 11 आणि 21 खाली शेवटच्या बिंदूचे, आणि 8 खाली लेअरचं नाव. ती दिसेल की छापली जाईल याबद्दल लेअरकडून जे काही ठरतं, ते रेषेच्या नोंदीत नसतं. ते फाईलच्या सुरुवातीच्या भागातल्या लेअरच्या तक्त्यात असतं.

हा तक्ता मला फार आवडतो. त्यात 62 खाली लेअरच्या रंगाचा क्रमांक असतो, उदाहरणार्थ तांबड्यासाठी 1. लेअर बंद केला की त्या 1 चा उणे 1 होतो. लेअरच्या नावापुढचं बल्बचं चित्र विझतं म्हणजे प्रत्यक्षात इतकंच घडतं, एका आकड्यामागे वजाचं चिन्ह लागतं! 'फ्रीझ'ची खूण वेगळ्या जागी आहे, 70 खाली. तिथे 1 मिळवला की लेअर गोठलेला, 4 मिळवले की कुलूपबंद, आणि 5 असतील तर दोन्ही. तिसरी खूण 290 खाली. तिथे शून्य असेल तर लेअर पडद्यावर दिसेल, पण छापला जाणार नाही. तिन्ही खुणा एकमेकींपासून स्वतंत्र आहेत. छापून यायला तिन्ही अनुकूल लागतात, पडद्यावर दिसायला पहिल्या दोनच पुरतात.

बंद आणि गोठलेला यांत फरक काय? बंद लेअरचं गणित संगणक करतो, फक्त चित्र दाखवत नाही. गोठलेल्या लेअरचं गणितच करत नाही. 1980च्या दशकातल्या संथ यंत्रांवर या फरकाने बराच वेळ वाचायचा. आज वेळेचा प्रश्न फारसा उरलेला नाही, पण परिणाम उरले आहेत. इरेज कमांड देऊन 'ऑल' म्हटलं की बंद लेअरवरच्या, न दिसणाऱ्या रेषाही पुसल्या जातात. गोठलेल्या वाचतात.

ब्लॉकमध्ये, म्हणजे एकत्र बांधून एकाच वस्तूसारख्या वापरायच्या रेषांच्या गटात, हा फरक आणखी टोकाला जातो. दाराच्या ब्लॉकमधल्या रेषा 'दार' लेअरवर आहेत आणि तो अख्खा ब्लॉक 'फर्निचर' लेअरवर बसवलाय, असं समजा. फर्निचर गोठवलं की दार नाहीसं होतं. फर्निचर नुसतं बंद केलं तर दार जागेवरच राहतं, कारण आतल्या रेषांची चिठ्ठी 'दार' अशी आहे आणि तो लेअर चालू आहे. आतल्या रेषा 0 नावाच्या लेअरवर काढलेल्या असतील तर त्या, ब्लॉक जिथे बसेल त्या लेअरची चिठ्ठी धारण करतात. मग बंद केल्यावरही त्या जातात.

आता डेफपॉइंट्स. ड्रॉइंगमध्ये पहिलं माप दिलं की ऑटोकॅड हा लेअर आपणहून तयार करतं. मापाच्या दोन टोकांचे बारीक बिंदू त्यावर ठेवतं. ते बिंदू कागदावर यायला नकोत, म्हणून याची छपाई कायमची बंद असते, आपल्याला चालू करता येत नाही. अनेक जण कच्च्या रेषांसाठी तो मुद्दाम वापरतात. भाचीकडे मात्र नव्या रेषा ज्या लेअरवर जातात, तो चुकून हाच राहिला होता.

व्हायरसच्या भीतीपोटी लोक फाईल दुसऱ्या नावाने सेव्ह करतात, संगणक बंद करून चालू करतात, सगळं नव्या फाईलमध्ये चिकटवतात. चिकटवताना रेषा आपली चिठ्ठी सोबत घेऊन येते, तेव्हा नव्या फाईलमध्येही ती छापली जात नाही. कारण न शोधता केलेला उपाय हा उतारा टाकण्याचाच प्रकार आहे, तो संगणकावर केला म्हणून विज्ञान होत नाही.

एकाच नकाशातून फर्निचरचा, वायरिंगचा, नळाचा असे वेगवेगळे कागद काढायचे तर लेअर सतत चालू-बंद करू नका. लेआउटमधली, म्हणजे छपाईसाठी मांडलेल्या पानावरची, प्रत्येक चौकट, म्हणजे व्ह्यूपोर्ट, गोठवलेल्या लेअरची स्वतःची वेगळी यादी ठेवते. वायरिंग एका चौकटीत गोठवलं तरी शेजारच्या चौकटीत ते तसंच राहतं.

रेषा तरीही गायब असेल तर रंग तपासा. क्रमांक 7 चा पांढरा पांढऱ्या कागदावर काळा होऊन येतो. पण लाल, हिरवा, निळा तिन्ही 255 देऊन केलेला पांढरा खरोखरच पांढरा छापला जातो.

चिठ्ठीचं महत्त्व छपाईपुरतं नाही. बांधकाम परवानगीचे नकाशे तपासणारं ऑटोडीसीआर हे सॉफ्टवेअर ठरवून दिलेल्या नावांच्या लेअरवरूनच हद्द आणि बांधकाम ओळखतं. चुकीच्या लेअरवर काढलेली हद्द माणसाला दिसते, त्याला दिसत नाही.

भाचीने रात्रीच 'ड्रेनेज' नावाचा नवा लेअर केला, सगळ्या रेषा निवडून त्यावर टाकल्या आणि प्लॉटच्या, म्हणजे छपाईच्या, प्रिव्ह्यूमध्ये त्या दिसल्यावरच फाईल दुकानात पाठवली.